पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर गाडी

इलेक्ट्रिक गाडीच्या शोरूममधला मुलगा म्हणाला होता, मॅडम काही नाही हो, मोबाईलसारखी रात्री लावायची आणि सकाळी फुल. हे मोबाईलसारखी मला पुढचे तीन महिने इतक्या वेळा आठवलं की विचारू नका.

आधी आमची परिस्थिती सांगते. लांजा तालुक्यातलं गाव, मी रत्नागिरीत नोकरीला, जाऊन-येऊन साधारण ९२ किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस. नवरा जहाजावर असतो म्हणजे वर्षातले सहा-सात महिने घरी मी, सासूबाई आणि सासरे, त्यांना मी आई आणि अण्णाच म्हणते. पेट्रोलच्या गाडीला महिन्याला तेरा हजाराच्या वर जायला लागले तेव्हा मी हिशोब मांडला आणि छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक घेतली, २४ किलोवॅट-अवरची बॅटरी, एका चार्जमध्ये खरोखरचे १७०-१८० किलोमीटर देते, हातखंब्याच्या चढ-उतारासकट. मला रोजचे ९२ हवे होते त्यामुळे प्रश्नच नव्हता.

गाडीबरोबर भिंतीवर बसवायचा चार्जर येणार होता, तो बसवायला माणूस आला, त्याने घर बघितलं, मीटर बघितला, चिनीमातीचे जुने किटकॅट फ्यूज बघितले, एका यंत्राने काहीतरी मोजलं आणि म्हणाला अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) नाही, लोड पण मंजूर नाही, आधी हे करून घ्या मग फोन करा. आणि गेला. काय करून घ्यायचं, कुणाकडून, कितीला, काही नाही. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. आज वाटतं की निदान त्याने खोटं सांगितलं नाही.

मग राहिली ती डिकीतली पोर्टेबल केबल. एका बाजूला गाडीत जाणारं सातपिनी कनेक्टर, मध्ये विटेएवढा डबा आणि दुसऱ्या बाजूला आपला नेहमीचा जाडा तीनपिनी. त्याच्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असतं पण सगळे पंधराचाच म्हणतात. आमच्या पडवीत असा एकच पॉवर पॉइंट होता, घरघंटीसाठी बसवलेला. घरघंटी आत सरकवली, गाडी खळ्यात पडवीला टेकून उभी केली, प्लग लावला. डब्यावर लाल लाईट. काढून परत लावला, लाल. अण्णा झोपाळ्यावरून बघत होते, म्हणाले, नवीन आहे, बुजली असेल.

इथे एक गोष्ट सांगायला हवी जी मला पण तेव्हा माहीत नव्हती. त्या विटेला आपण चार्जर म्हणतो पण ती चार्जर नाहीच. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो, तो भिंतीतल्या एसी करंटचा डीसी करून बॅटरीत भरतो. वीट फक्त चौकीदार आहे. ती प्लगमध्ये फेज म्हणजे करंट आणणारी तार आहे का, अर्थ आहे का, करंट कुठे गळत नाही ना हे बघते, आणि सगळं ठीक असेल तर एका बारीक तारेवरून गाडीला सिग्नल देते की बाई तू इतके इतके अँपिअर घेऊ शकतेस, त्याच्यावर नको. गाडी ते ऐकते. जोपर्यंत हे बोलणं होत नाही तोपर्यंत केबलच्या गाडीकडच्या टोकाला करंट सोडलाच जात नाही, म्हणून पावसात कनेक्टर हातात धरला तरी काही होत नाही. पण हा सगळा शहाणपणा विटेच्या पुढचा. विटेच्या मागे तुमचं घर, तिथे तिचं काही चालत नाही.

तर लाल लाईट. गावातल्या एका मुलाला बोलावलं जो सगळ्यांची वायरिंगची कामं करतो. त्याने बघितलं आणि हसला. म्हणाला वहिनी या गाड्यांचं सगळीकडे असंच असतं, पाच मिनिटांचं काम. पॉइंट खोलला, आत वायरचा एक बोटभर तुकडा घातला, बंद केला, प्लग लावला, हिरवा लाईट. गाडीच्या स्क्रीनवर आलं सात तास वीस मिनिटं. मी त्याला दोनशे रुपये दिले आणि वर चहा पाजला.

तो बोटभर तुकडा काय होता ते मला बारा दिवसांनी कळलं.

पहिले काही दिवस खरंच मोबाईलसारखेच गेले. संध्याकाळी सात वाजता आले की लावायची, सकाळी साडेसातला काढायची. फक्त प्लग गरम व्हायचा. म्हणजे हात लावला की चटकन मागे घ्यावा इतका. मला वाटलं एवढी गाडी चार्ज होतेय तर गरम होणारच की. एका रात्री दोनच्या सुमारास आई उठल्या आणि म्हणाल्या पडवीत कसलातरी वास येतोय, बॅकेलाइट जळल्याचा तो कडवट वास असतो ना तो. जाऊन बघितलं तर पॉइंटच्या एका भोकाभोवती तपकिरी वर्तुळ झालेलं आणि प्लगची पिन काळी. बंद केलं, गाडी ६४ टक्क्यांवर होती, दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर जाऊन आले.

आता याचं गणित मी नंतर करून बघितलं कारण मला पटत नव्हतं की त्याच पॉइंटवर घरघंटी वर्षानुवर्षं चालते आणि गाडीने मात्र तो जाळला. गाडी साधारण १२ अँपिअर ओढते. आतल्या पत्तीची पकड ढिली झाली आणि तिथे समजा ०.१ ओहम इतकाच अडथळा तयार झाला, तर १२ गुणिले १२ गुणिले ०.१ म्हणजे १४ वॅटच्या वर उष्णता त्या एका टोकाला. रेडिओ-मोबाईल दुरुस्तीवाल्यांची छोटी सोल्डरिंगची पेन्सिल असते ती पंधरा-पंचवीस वॅटची. म्हणजे मी रात्रभर भिंतीत सोल्डरिंगची पेन्सिल चालू ठेवून झोपत होते. घरघंटी पंधरा मिनिटं चालते. गीझर दहा मिनिटं. इस्त्री मधेमधे बंद होते. आपल्या घरात सलग आठ तास पूर्ण लोड घेणारं दुसरं काही नसतंच, आणि ज्याने १९८८ साली ही वायरिंग केली त्याच्या डोक्यात टीव्हीपेक्षा मोठं काही नव्हतं.

मी काय केलं तर फक्त पॉइंट बदलला. चांगल्या कंपनीचा, महागाचा. बोटभर तुकडा नव्या पॉइंटमध्ये पण तसाच गेला, कारण तोच मुलगा आला होता.

आणि मग तो शुक्रवार. सकाळचे साडेसहा, गाडी अजून लावलेलीच होती कारण रात्री लाईट गेली होती आणि तीनला आली, आल्यावर चार्जिंग आपोआप परत सुरू होतं ते एक बरं आहे. आई खळ्यात सडा घालत होत्या, अनवाणी, बादली घेऊन. माझी डब्याची पिशवी मागच्या सीटवर राहिली होती ती काढायला त्यांनी दाराच्या हँडलला हात लावला आणि ओरडल्या. जोरात नाही, पण मी आतून पळत आले. म्हणाल्या मुंग्या आल्या गो हातात, कोपरापर्यंत. मी गाडीला हात लावला, काही नाही. पण माझ्या पायात रबरी चप्पल होती. चप्पल काढली, ओल्या खळ्यात उभी राहिले आणि परत हात लावला.

मुंग्याच होत्या. पण मला दरदरून घाम फुटला.

मुख्य स्विच पाडला, त्या दिवशी रजा टाकली आणि अण्णा त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेले, रिटायर झालेले, आता काम घेत नाहीत, पण अण्णांसाठी आले. त्यांनी पॉइंट खोलला, तुकडा बाहेर ओढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. हे कोणी केलं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली फक्त.

तो तुकडा म्हणजे न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ यांना जोडणारा पूल. विटेला अर्थ हवा ना, मग न्यूट्रललाच अर्थ म्हणून दाखवायचं, ती फसते आणि हिरवा लाईट देते. पण गाडीची सगळी बॉडी अर्थच्या पिनला जोडलेली असते, म्हणजे आता ती न्यूट्रलला जोडली गेली. आणि न्यूट्रल म्हणजे शून्य व्होल्ट हे शाळेच्या पुस्तकात. आमचं घर डीपीपासून म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून शेवटचं, लांबलचक लाईन, सकाळी सहाला अख्ख्या वाडीचे विहिरीवरचे पंप सुरू होतात, सगळ्यांचा करंट त्या न्यूट्रलच्या तारेतूनच परत जातो, त्यामुळे आमच्या दारात येईपर्यंत न्यूट्रल जमिनीपेक्षा वर उचललेला असतो. वायरमन काकांनी ओल्या खळ्यात एक लोखंडी सळी ठोकली, मल्टिमीटरचं एक टोक सळीला आणि दुसरं न्यूट्रलला. २२ व्होल्ट. म्हणाले वहिनी, हे बावीस होते म्हणून मुंग्या आल्या. खांबावर न्यूट्रलची तार तुटली असती ना, तर गाडीच्या पत्र्यावर पूर्ण दोनशेतीस आले असते आणि तुमच्या विटेला पत्ता लागला नसता, कारण तिचे डोळे तुम्हीच बांधलेत.

हे वाक्य ते अगदी साधेपणाने बोलले. आई बाजूला तुळशीपाशी उभ्या होत्या.

या अनुभवातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण कोणी अर्थिंगसाठी पाच मिनिटांचं काम आहे म्हणालं तर त्याला चहा न पाजता परत पाठवा. मी नंतर ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांना विचारत गेले तर दोघांकडे हाच तुकडा निघाला, एकाने तर मला अभिमानाने सांगितलं की माझ्या माणसाने आयडिया केलीय.

मग आमचं अर्थ मुळात गेलं कुठे होतं ते शोधलं. जुन्या काळी पद्धत अशी की अर्थची जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार न्हाणीघराच्या लोखंडी पाइपला आणून बांधायची, पाइप जमिनीत जातो म्हणजे अर्थ झाला. आमच्या न्हाणीचे पाइप आम्हीच कधीतरी बदलून प्लास्टिकचे केले. तार अजून तशीच बांधलेली, मस्त तीन वेढे देऊन, पीव्हीसीच्या पाइपला. किती वर्षं ते देवाला माहीत. मिक्सर, फ्रीज, वॉशिंग मशीन, सगळं तेवढी वर्षं बिनअर्थचं चालत होतं आणि कुणी तक्रार केली नाही. विचारणारी पहिली ही गाडी.

अर्थिंगचा खड्डा काढायचा ठरला. देशावर हे एका दिवसाचं काम असेल, आमच्याकडे खाली जांभा. वरची फूटभर माती गेली की चिराच लागतो आणि जांभ्याचा दुसरा त्रास म्हणजे त्याच्यात पाणी थांबत नाही, चाळणीसारखं खाली जातं, त्यामुळे उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा होतो आणि कोरड्या दगडातून करंट जात नाही. काकांनी परसात फेरी मारली आणि न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे केळी आणि अळू लावलेलं आहे तिथे पहार टेकवली. म्हणाले जिथे अळू माजतं तिथे अर्थ चांगला मिळतो. चिरेखाणीवर काम करणारे दोघं आले, दोन दिवस पहार आणि कुदळ, साधारण आठ फूट खाली गेले. एक केळ गेली त्यात, आईंना तिचं वाईट वाटलं, नुकतीच व्यायली होती. अडीच मीटरचा भोकं पाडलेला जीआय पाइप उभा सोडला, भोवती लाकडी कोळसा आणि खडेमीठ, एक थर हा एक थर तो, वर नरसाळं म्हणजे पाणी ओतायला, आणि तिथून तांब्याची जाड तार थेट पडवीपर्यंत. आजकाल केमिकलवालं पण मिळतं, पिशवीतली पावडर, काकांना त्याच्यावर विश्वास नव्हता.

टेस्ट त्यांनी त्यांच्या पद्धतीने केली. शंभर वॅटचा पिवळा बल्ब होल्डरला लावून एक टोक फेजला, एक अर्थला. आधी त्या पीव्हीसीवाल्या अर्थवर बल्ब पेटला पण नव्हता. आता लख्ख पेटला, न्यूट्रलवर पेटतो तसाच. (हे घरी करू नका हो, ते चाळीस वर्षं खांबावर चढलेले होते.) मी माझं समाधान म्हणून मल्टिमीटरने मोजलं, तोपर्यंत मी सहाशे रुपयांचा स्वतःचा घेतला होता. फेज-न्यूट्रल २१४, फेज-अर्थ २१५, न्यूट्रल-अर्थ ४. त्या रात्री वीट हिरवी झाली ती खरी हिरवी.

वायर पण सगळी बदलली. मीटरपासून पडवीपर्यंत लाकडी पट्टीवरून आलेली एक-अठराची तार होती, म्हणजे आजच्या मापात एक चौरस मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. रात्री प्लगवर २१८ व्होल्ट दिसायचे आणि गाडी सुरू केली की २०३. हे पंधरा व्होल्ट कुठे गेले तर तारेत. पंधरा गुणिले बारा म्हणजे १८० वॅट, आठ तासांत जवळजवळ दीड युनिट, मी पैसे देऊन भिंती आणि खांबावरची तार गरम करत होते. दुकानदार म्हणाला अडीचची वायर पुरते, काका म्हणाले अंतर पंचवीस मीटर आहे आणि लोड रात्रभराचा आहे, चारचीच घ्या. चारची घेतली. आता सुरू केल्यावर सहा-सात व्होल्ट पडतात, ते खांबापलीकडचे, त्याला मी काही करू शकत नाही. गाडीसाठी मीटरपासून वेगळी लाईन, तिच्यावर वेगळा २० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा), टाइप ए घ्यायचा, गाड्यांच्या चार्जरला तो लागतो, दुकानात साधा देतात म्हणून सांगून घ्यावा लागतो. या आरसीसीबीचा एक फायदा असा की आता परत कोणी तो बोटभर तुकडा घालायचा उद्योग केला तर गाडी लावल्या लावल्या तो पडेल. पॉइंट मेटलक्लॅड, पावसाची झड लागू नये म्हणून पडवीच्या आतल्या बाजूला. आणि वीट प्लगला लोंबकळत ठेवायची नाही, तिच्या वजनाने पिना खाली ओढल्या जातात आणि पकड ढिली होते, म्हणून तिला एक खुंटी. त्या खुंटीवर पूर्वी अण्णांची छत्री असायची, त्यावरून घरात थोडं राजकारण झालं.

सगळा खर्च खड्ड्यासकट सतरा हजार चारशे. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट छापलेला होता तो वाढवायचा अर्ज ऑनलाइन केला, त्याचे पैसे वेगळे.

एक्स्टेंशन बोर्डाचं पण सांगून टाकते, मी केलं नाही पण एकदा माहेरी करणार होते. खिडकीतून बोर्ड बाहेर काढून लावते म्हटलं, भावाने काढून पण दिला. त्या बोर्डाची वायर बघितली तर मोबाईल चार्जरच्या वायरपेक्षा थोडी जाड, आणि तीनपिनी लहान होता त्यावर कन्व्हर्जन प्लग लावलेला. मी गाडी तशीच परत आणली, वाटेत पालीच्या पुढे ११ टक्के झाली होती, एसी बंद करून आले.

आता रोजचं. मी संध्याकाळी सातला लावत नाही. सातला प्लगवर १८८ पर्यंत व्होल्टेज असतं, सगळ्यांचे टीव्ही, पंखे, मोटारी, आणि न्यूट्रल-अर्थमधला फरक पण वीसच्या आसपास गेलेला असतो, वीट कधी घेते कधी रुसते. अकरानंतर गाव झोपतं आणि व्होल्टेज २१५ वर येतं. गाडीत टायमर आहे, अकराला सुरू. रोजच्या ९२ किलोमीटरला मीटरवर साधारण १४ युनिट लागतात, बॅटरीत त्यातले बारा-साडेबारा जातात, बाकी वाटेत आणि गाडीच्या चार्जरमध्ये गरम होऊन जातात. पहाटे साडेचार-पाचला संपतं, म्हणजे पंपांच्या आधी.

बिलाबद्दल. रुपयात किलोमीटर वगैरे जे ऐकता ते विसरा. आमचं घर महिन्याला नव्वद-पंच्याण्णव युनिटचं, कायम शंभरच्या आत, सगळ्यात स्वस्त टप्प्यात. गाडीने त्यात साधारण ३३० युनिट टाकले. शंभरच्या वरचं युनिट जवळजवळ दुप्पट भावाने आणि तीनशेच्या वरचं त्याहून महाग, वर १६ टक्के वीज शुल्क. सातशे-आठशेचं बिल पाच हजार चारशेच्या आसपास आलं. अण्णांनी चष्मा पुसून परत वाचलं. मग मी त्यांच्यासमोर वहीत मांडलं, गाडीचे चार हजार सहाशे, किलोमीटर झाले बावीसशे, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या थोडं वर. पेट्रोलला सहा पडत होते. अण्णा म्हणाले ते ठीक आहे पण बिल माझ्या नावाने येतं, पेट्रोल तुझ्या नावाने जात होतं. तेव्हापासून बिल मी भरते. कौलांवर सोलर बसतं का बघतोय, २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, पण जुन्या कौलांवर चौकट उभी करायला दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितलेत, त्यामुळे सध्या ते वहीतच आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना, रात्री अकराला टायमर लागला आणि लाल लाईट. माझ्या पोटात गोळा. मल्टिमीटर काढला, फेज-न्यूट्रल २१६, फेज-अर्थ १७० आणि तोही एका जागी राहीना, न्यूट्रल-अर्थ चाळीसच्या वर. रात्री सव्वाअकराला काकांना फोन केला, त्यांनी एवढंच विचारलं, खड्ड्यात पाणी कधी घातलं होतं. मी म्हटलं घालायचं असतं का. पलीकडे शांतता. म्हणाले नरसाळं शोभेला लावलंय का वहिनी, दोन बादल्या ओता आणि दहा मिनिटांनी बघा. मी आणि आई टॉर्च घेऊन परसात, विहिरीला पाणी कमी म्हणून टाकीतलं आणलं. पहिली बादली जांभ्याने घटाघटा पिऊन टाकली, आवाज येत होता. दुसरी जरा सावकाश. पंधरा मिनिटांनी वीट हिरवी.

इलेक्ट्रिक गाडीला पाणी घालावं लागतं हे गावात दोन दिवसांत सगळ्यांना झालं. अजून मला कुणी ना कुणी विचारतं, काय वहिनी, आज पाणी पाजलं का गाडीला.

आता आईंनी स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी पण तिकडे वळवून घेतलंय. तांदूळ धुतलेलं पाणी त्या मुद्दाम स्वतः नेऊन नरसाळ्यात ओततात, ते गाडीला जास्त मानवतं असं त्यांचं मत आहे, मी काही बोलत नाही. बाजूला अळू असं आलंय की विचारू नका.

पावसाळा वेगळाच. अर्थ उत्तम, लाईट नाही. झाड पडलं की दीड-दोन दिवस काही नाही, त्यामुळे जूनपासून मी गाडी पन्नास टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, उन्हाळ्यात वीसपर्यंत न्यायचे. वीज कडकडायला लागली की प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून नाही, हा काकांचा हुकूम. एकदा मध्यरात्री आरसीसीबी पडला तर बघितलं, पॉइंटच्या झाकणात गोगलगाय.

गणपतीला दीर-जाऊ मुंबईहून आले ते नवी मोठी इलेक्ट्रिक घेऊन, ४५ किलोवॅट-अवरची. वाटेत फास्ट चार्जरला रांग होती म्हणून चिपळूणला न थांबता तसेच आले आणि खळ्यात उतरले तेव्हा ९ टक्के. आमच्या पडवीच्या प्लगवर ती ९ पासून शंभरपर्यंत न्यायची म्हणजे अठरा-वीस तास, आणि त्यात संध्याकाळी आरतीला अख्खी वाडी दिव्यांनी पेटलेली, व्होल्टेज १८०. दीर म्हणाले दोन्ही एकदम लाव ना, माझी मी घरघंटीच्या पॉइंटवर लावतो. अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले, तो पॉइंट आता घरघंटीचा नाही आणि घरघंटीला उद्या मोदकाचं पीठ काढायचंय. शेवटी असं ठरलं की रात्री अकरा ते सकाळी सहा त्यांची, दुपारी बारा ते पाच माझी, कारण मला सुट्टी होती. जाऊबाईंनी विचारलं, पण अर्थिंग वगैरे ठीक आहे ना इकडे. आई तांदळाचं पातेलं घेऊन परसात निघाल्याच होत्या, म्हणाल्या ये, दाखवते.